एका चुलीवर किती जण?

सरकारी माणसानं विचारलेला एवढा सोपा प्रश्न सावित्रीबाई पटल्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. उत्तर मात्र त्यांनी असं दिलं, की विचारणाऱ्या मुलीचं बोट हातातल्या मशीनच्या काचेवर तसंच थांबलं.

"मावशी, तुमच्या घरी एका चुलीवर किती जण जेवतात?"

"सहा."

विचारणारी होती रीना मेश्राम. गोरेगावची मुलगी, बी.कॉम. झालेली. घरोघरच्या उत्पन्नाची पाहणी करण्याचं काम तिला तीन महिन्यांसाठी मिळालं होतं. रीनानं मान वळवून अंगणात पाहिलं. खाटेवर टेकचंद काकाजी बसले होते. चुलीपाशी सावित्रीबाई होत्या. ओसरीच्या खांबाला दोन बकऱ्या बांधल्या होत्या. बकऱ्या धरल्या तरी बेरीज चारच्या वर जात नव्हती.

"सहा कोण कोण?"

"मी, हे, इंद्रकुमार, नीतू अन दोन लेकरं."

"ते कुठं आहेत?"

"गोंदियाले."

"कधीपासून?"

"सात वरसं झाले. पोरगा राइस मिलमध्ये सुपरवायझर हाय."

रीना हसली. हा प्रश्न तिला कवडीटोल्यात येण्याआधी नऊ गावांत पडला होता. "मावशी, सहा महिन्यांच्या वर जो बाहेर राहतो तो या घरात धरायचा नाही. त्यांचं वेगळं कुटुंब होतं."

सावित्रीबाईंच्या हातातली फुंकणी खाली आली. "वेगळं? कोनं सांगतलं तुले वेगळं?"

"मी नाही म्हणत, नियम म्हणतो."

"नियमाले सांग, तांदूळ माझ्या बांधीतला जाते. लाखोळीची डाळ माझी जाते. मिरची, हळद, मोहरीचं तेल, समदं अठूनच जाते. मंग चूल कोनाची?"

हा हिशेब काही खोटा नव्हता. फक्त रीनाच्या मशीनमध्ये त्याला रकाना नव्हता. तिनं "दोन" लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला हात घातला. "काकाजी, महिन्याचं उत्पन्न किती धरू?"

टेकचंद काकाजी खाटेवर उगाच थोडे वाकले, खोकले आणि म्हणाले, "लिहा पाच-सहा हजार. तेही पिकलं तं."

त्या आठवड्यात कवडीटोल्यात गरिबीची साथच आली होती. पाहणीवाली येणार हे कळल्यापासून गावात कोणाचंच उत्पन्न सहा हजारांच्या वर चढलं नव्हतं. शेजारच्या खुशालच्या दारात नवा कोरा ट्रॅक्टर उभा होता. खुशालनं तो भावाचा म्हणून सांगितला. भावाकडे गेल्यावर भावानं तो खुशालचा म्हणून सांगितला. त्यामुळे रीनाच्या मशीनमध्ये तो ट्रॅक्टर कोणाचाच झाला नाही, तरी दुपारी बांधीकडून चिखल तुडवत परत आला. "या पाहणीचा घरकुलाशी काही संबंध नाही," असं रीना प्रत्येक दारात घसा कोरडा करून सांगत होती. लोक मान डोलवत होते, पाणी देत होते आणि आकडा आणखी पाचशेनं उतरवत होते.

टेकचंद-सावित्रीबाईंचं नाव घरकुलाच्या यादीत तीन वर्षांपासून होतं. घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, दर पावसाळ्यात जागा बदलायची. त्यामुळे पाच-सहा हजारांवर सावित्रीबाईंनी काहीच आक्षेप घेतला नाही. त्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच आकड्यात. रीना दुसऱ्या घरी गेली तरी त्या चुलीपाशी बसून पुटपुटत होत्या, "सहाचे दोन करून गेली बापा."

"लिहू दे ना," टेकचंद म्हणाले. "कागदावर दोन लिहिले म्हनून का पोरगा वाहून गेला?"

"तुमाले का समजते? नीतूले इचारते मी. तिथं का लिहिलं ते."

आणि त्या बुधवारी दिवेलागणीला त्यांनी गोंदियाला फोन लावला. तिकडे कुकरची शिट्टी, कार्टूनचा आवाज, वर कोणाचं तरी भांडण. गोंदियात फोन लावला की आधी असं अख्खं घर कानात घुसायचं.

"नीतू, तुयाकडं ते मोजनारी आली होती का?"

"हो आई, परवाच आली होती एक मॅडम. मी सांगून टाकलं, आम्ही अलग आहोत, चार जण. थांबा, दूध उतू चाललंय. ठेवू का?"

फोन बंद झाला.

अलग. गोंदियात हा शब्द भाजीवालासुद्धा वापरतो; कोथिंबीर अलग द्या, मिरची अलग बांधा. कवडीटोल्यात तो एवढ्या सहज कोणाच्या तोंडून निघत नाही. तिथं अलग म्हणजे बैल वाटले गेले, विहिरीच्या पाळ्या लागल्या, मधे भिंत आली. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे नवं वेगळं झालं.

धान निघालं, चुरणी म्हणजे मळणी झाली, पहिला तांदूळ सडून आला की पटल्यांच्या घरी नव्याचा एक रविवार ठरायचा. त्या दिवशी नव्या चिन्नोर तांदळाचा भात एकाच गंजात शिजायचा आणि एका चुलीवरचे सगळे एकाच पंगतीत बसून खायचे. एका चुलीवरचे म्हणजे नेमके तेवढेच. टेकचंदांचा धाकटा भाऊ दुर्गाप्रसाद एकोणीस वर्षांपूर्वी अलग निघाला. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही नीट आठवत नाही, बोलणंचालणं रोजचं आहे, एकाच्या घरी पाहुणा आला की दुसऱ्याच्या घरून दूध येतं. पण नव्याच्या दिवशी भिंतीच्या या बाजूला चिन्नोरचा वास सुटतो, त्या बाजूलाही सुटतो आणि एकोणीस वर्षांत कोणी कोणाला "या" म्हटलेलं नाही. ज्याचं त्याचं नवं. सावित्रीबाई ती भिंत रोज पाहत होत्या. आता दुसरी भिंत फोनवरून आली होती आणि दूध उतू चाललं म्हणून फोन अर्ध्यातच तुटला होता.

नवं येत्या रविवारी ठरलं होतं.

"शहरातली पोरगी हाय, तिले अलगचा मतलब का मालूम?" टेकचंद म्हणाले.

"शहरात अलग होत नाई का? तठी तं एका बिल्डिंगीत वीस चुली रायतात."

"मंग आता का करतेस?"

"जाऊन पाह्यतो."

"कायले जातेस? फोन करून इचार ना सरळ."

"फोनवर मानूस खोटं बोलते. डबा खोटं बोलत नाई."

कोणता डबा, ते टेकचंदांनी विचारलं नाही. बायकोच्या हिशेबात फार खोल उतरायचं नाही हे ते लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी शिकले होते.

गुरुवारी सकाळी खुशालनं सावित्रीबाईंना मोटारसायकलवर गोरेगावच्या स्टँडपर्यंत सोडलं. मागे सावित्रीबाई, पुढे टाकीवर नव्या चिन्नोरचा वीस किलोचा बोरा. बसमध्ये कंडक्टरनं बाईमाणसाचं अर्धं तिकीट फाडलं आणि बोऱ्याकडे बोट दाखवलं.

"याचं सामानाचं भाडं लागेल, आजी."

"माझं अर्धं अन तांदळाचं पुरं? तो का माह्यापेक्षा जास्त जागा घेऊन राहिला?"

"आजी, नियम आहे."

"या हप्त्यात नियमच भेटून राहिले मले," सावित्रीबाई म्हणाल्या आणि बोरा पायाखाली ओढून त्यावरच बसल्या. सीट रिकामी होती, तरी. कंडक्टरनं एकदा बोऱ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळला.

बोरा बरोबर आणला होता, पण तो द्यायचाच असं अजून ठरलं नव्हतं. सून एका चुलीवरची निघाली तर बोरा तिचा. अलग निघाली तर अलग राहणाऱ्याला तांदूळ पुरवायची पद्धत पटल्यांत नव्हती. दुर्गाप्रसादला एकोणीस वर्षांत एक पायली गेलेली नाही. म्हणून कुडवा नाक्याला ऑटोतून उतरल्यावर सावित्रीबाई सरळ सुनेकडे गेल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी घनश्यामचं पोहे-चना आणि चहाचं दुकान होतं. बोरा तिथं उतरवला.

"भाऊ, घंटाभर ठेवते अठी."

"रखो ना अम्मा. क्या है?"

"चिन्नोर. नवा."

घनश्यामनं बोऱ्याचं तोंड सैल केलं, मूठभर तांदूळ काढून नाकाला लावला आणि डोळे मिटले. "बेचना है क्या?"

"अजून मालूम नाई."

"पचपन दूँगा. घर के लिए."

गावातला व्यापारी पन्नास देत होता. सावित्रीबाईंनी पचपन मनात लिहून ठेवलं आणि म्हणाल्या, "घंटाभरानं सांगतो." घनश्यामनं ती मूठ काही बोऱ्यात परत टाकली नाही. हेही त्यांनी लिहून ठेवलं.

नीतूचं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, मोरी, आणि गॅलरी म्हणावी एवढी एक पट्टी. लेकरं शाळेत, इंद्रकुमार मिलवर. नीतूनं दार उघडलं आणि तिचा चेहरा असा खुलला, की आपण भांडायला आलो आहोत हे सावित्रीबाईंना क्षणभर आठवेना.

"आई! फोन तरी करायचा, मी स्टँडवर आले असते."

"कायले? पाय हायेत ना."

नीतूनं पाणी दिलं, चहा टाकला. कप एवढुसा, की टेकचंदांनी तो एका घोटात संपवून "चहा कधी येते?" असं विचारलं असतं. तेवढ्यात खालून टँकरचा भोंगा वाजला. "पाणी आलं, दोन बादल्या भरून येते," म्हणत नीतू खाली धावली.

सावित्रीबाई उठल्या. स्वयंपाकघरात ओट्याखाली पत्र्याचा मोठा डबा होता, त्यांनीच लग्नात दिलेला. झाकण काढलं. आत तांदूळ होता. हात घातला, मूठ काढली, वास घेतला. वासच नव्हता. दाणे लांब, चकचकीत, एकसारखे, दुकानात पाकिटातून मिळतात तसे. चिन्नोरचा एक दाणा त्यात नव्हता.

झाकण लावायचंसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. नीतू बादल्या घेऊन वर आली तेव्हा सासूबाई डब्यापाशी जमिनीवर बसल्या होत्या आणि ओंजळीत तो बिनवासाचा तांदूळ होता.

"आई, काय झालं?"

"अलग झालीस तं सांगायचं होतं, बाई. मी का अडवली असती? सून म्हनते अलग, सरकार म्हनते अलग. मीच एकटी सहा सहा म्हनून राहिली गावात."

नीतूनं बादल्या ठेवल्या. ती आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं आणि मग तिनं कपाळावर हात मारला.

"अहो आई, ते मी फोनवर म्हटलं ते? ते त्या मॅडमला सांगितलं मी, तुमच्याचसाठी. तुमचं नाव घरकुलात आहे ना? आपण सगळे एक आहोत असं लिहिलं असतं तर हे पगारदार तुमच्या घरात धरले गेले असते. पगारदार दिसला की घरकुल कटतं. म्हणून अलग सांगितलं."

सावित्रीबाईंनी ओंजळीतला तांदूळ हळूच डब्यात सोडला. म्हणजे चुलीपाशी बसून "सहा, सहा" असं आपण ठासून सांगत होतो तेव्हा घरावरचं पक्कं छत आपणच लोटून देत होतो. आणि ज्या रीनावर राग धरला तिनं दोन लिहून ते वाचवलं होतं. बरं झालं तिनं ऐकलं नाही.

"मंग पगार तरी बरोबर सांगतलास का?" त्यांनी विचारलं, कारण एकदम माघार घ्यायची सवय त्यांना नव्हती.

नीतू ओशाळली. "चाळीस हजार सांगितला."

"चाळीस? इंद्रकुमारले चाळीस भेटते?"

"बावीस मिळतात, आई. पण समोरच्या घरची उभी होती ना दारात! तिनं आधी पन्नास सांगितले होते. तिचा नवरा आमच्या यांच्याच मिलमध्ये आहे, यांच्या हाताखाली. मी काय बावीस सांगू तिच्यासमोर?"

आता हसू सावित्रीबाईंना आलं. "अन आमी सहा सांगतले."

"सहा हजार? महिन्याचे?"

"हो. तेही तुया सासऱ्यानं लय विचार करून."

दोघी समोरासमोर बसल्या. नीतूनं फ्रिजवरची वही आणली. ती खर्च लिहायची, बी.ए.ला अर्थशास्त्र होतं म्हणून नव्हे, तर महिन्याच्या वीस तारखेनंतर लिहिल्याशिवाय काही उरत नाही म्हणून. भाडं साडेपाच हजार. शाळा आणि शाळेची व्हॅन चार हजार. दूध, सिलेंडर, पेट्रोल, मोबाइलचे दोन रिचार्ज, पाण्याच्या टँकरचे दीडशे.

"पान्याचे पैसे?" सावित्रीबाईंनी बोट ठेवलं.

"नळ चार दिवसांनी येतो ना."

"आमच्या विहिरीले इचारून येतो, तिचं किती बाकी हाय ते."

मग सावित्रीबाईंची पाळी आली. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, जसे काही टेकचंद जिन्यात कान लावून उभे होते. मग आवाज खाली आणून एकेक सांगत गेल्या. सरकारी खरेदी केंद्रावर दिलेलं धान, त्यातून खताचे, रोवणीच्या मजुरीचे, कापणीच्या मशीनचे पैसे वजा. बोनस. लाखोळी. दुधाची डेअरीची बिलं. दोन बोकड, ते दिवाळीत विकले. आणि अंडी.

"अंडी किती?"

"ते तुया सासऱ्याले मालूम नाई. तू लिहू नोको. नुसतं धर."

नीतूनं मोबाइलवर बेरीज केली, बाराने भागली, पुन्हा भागली. "आई, तुमचे महिन्याचे चौदा हजार होतात."

"होत असतील."

"दोघांचे. माणशी सात. आमचे बावीस, चौघांचे. माणशी साडेपाच." ती स्क्रीनकडे पाहत राहिली. "म्हणजे श्रीमंत तुम्ही आहात."

हे ऐकून सावित्रीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कोणी चोरी पकडावी तशा त्या लाजल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी श्रीमंत म्हटलं नव्हतं आणि म्हटलं तेही भाड्याच्या घरात, पगारदाराच्या बायकोनं. तिकडे पाहणीच्या मशीनमध्ये मात्र गाव माणशी तीन हजारांवर कण्हत होतं आणि शहर माणशी दहा हजारांवर ऐटीत होतं. त्या दोन आकड्यांवर कोणीतरी साहेब कुठंतरी मोठं भाषण करणार होता आणि त्यातला एकही रुपया कोणाच्या डब्यात नव्हता.

डब्यावरून सावित्रीबाईंना पुन्हा आठवलं.

"ते समदं ठीक हाय. पन ह्या तांदळाचं सांग. माह्या चिन्नोरचं का केलंस? साठ किलो दिला होता जानेवारीत."

नीतूनं वहीचं मागचं पान उघडलं. तिथं वर लिहिलं होतं "आईचा तांदूळ", आणि खाली तारखा, नावं, किलो. समोरची पाच किलो. वरच्या मजल्यावरची दहा. शाळेतल्या मॅडम पाच. अशीच पुढं आणखी नावं. बेरीज चाळीस.

"विकला?"

"हो." नीतूनं मान खाली घातली, पण आवाज खाली आला नाही. "ऐंशी रुपयांनी. आणि घरी खायला पंचेचाळीसचा घेतला. वीस किलो ठेवला होता, पाहुण्यांना आणि सणासुदीला. तो दसऱ्याला संपला."

सावित्रीबाईंना राग यायला हवा होता. निंदणी, रोवणी, रानडुकरांपासून राखण, आणि तो तांदूळ समोरच्या घरच्या, पन्नास हजार सांगणाऱ्या बाईच्या कुकरमध्ये! पण त्यांच्या डोक्यात रागाच्या आधी वजाबाकी झाली. गावात पन्नास, नाक्यावर पचपन, जिना चढून वर आलं की ऐंशी.

"ऐंशी देतात?"

"मागं लागून नेतात. म्हणतात, गावाकडचा आहे, घरचा आहे. नव्या तांदळाला पंच्याऐंशीही देतील."

"चाळीस किलोले पस्तीस रुपये वरचे," सावित्रीबाई म्हणाल्या, "चौदाशे झाले. त्याचं का केलंस?"

"मिक्सर घेतला. जुना जळला होता."

ओट्यावर नवा मिक्सर होता खरा. सावित्रीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "अन माहा हिस्सा?"

नीतूनं वही बंद केली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हिस्सा तर अलग झालेल्यांचा असतो ना, आई. आपण अलग झालो का?"

हिस्सा मागावा तर अलग कबूल करायचं आणि अलग नाही म्हणावं तर चौदाशे मिक्सरमध्ये गेले. गोरेगावच्या बाजारात बकरीच्या दलालांनी सावित्रीबाईंना कधी असं कोंडीत धरलं नव्हतं. त्या काही म्हणणार, एवढ्यात कमरेच्या पिशवीत त्यांचा फोन वाजला.

"सावित्रीबाई टेकचंद पटले बोलता का? मी पाहणीच्या कार्यालयातून बोलतोय. आमच्या मॅडम तुमच्याकडे येऊन गेल्या, त्यांनी लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासतोय. एकच मिनिट घेतो."

"बोला."

"तुमच्या घरी एका चुलीवर किती जण जेवतात?"

सावित्रीबाईंनी फोन कानापासून दूर धरला. नीतूला ऐकू गेलंच होतं. ती दोन बोटं वर करून दाखवत होती. दोन. दोन म्हणायचं, तर स्वतःच्या तोंडानं, सुनेच्या देखत, तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिला चुलीवरून उठवायचं. सहा म्हणायचं, तर कवेलू पुन्हा पुढच्या पावसाळ्याला. एकोणीस वर्षांपूर्वी दुर्गाप्रसाद अलग निघाला तेव्हाही पंचांनी सावित्रीबाईंना असंच विचारलं होतं, सांगा बाई, किती चुली? आणि "दोन" हा शब्द त्यांच्याच तोंडून आला होता. तो पुन्हा उच्चारायचा नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, पण आता तो जिभेवर येईना.

"आजी? आवाज येतोय का?"

त्यांची नजर ओट्यावर गेली. तिथं दोन बर्नरची शेगडी होती. स्टीलची, चकचकीत. खाली लाल सिलेंडर.

"चुलीवर ना?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"हो, चुलीवर."

"चुलीवर दोघंच, साहेब. मी अन हे. बाकीचे गॅसवर जेवतात."

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज. "दोन. बरोबर आहे. धन्यवाद, आजी."

नीतू ओट्याला धरून खाली बसली होती. हसताना तिच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"वकिलाले धान पेरता येते का?" सावित्रीबाई म्हणाल्या. पण त्या खूश झाल्या होत्या. कारण त्या एक अक्षरही खोटं बोलल्या नव्हत्या आणि अलग हा शब्दही वापरला नव्हता.

"रविवारी नव्याला यायचंच आहे आम्हाला," नीतू म्हणाली. "यांनी सोमवारीच सुट्टीचा अर्ज टाकलाय. का तुम्ही आता म्हणाल, गॅसवाल्यांनी गॅसवर नवं करा?"

"सोमवारीच सुट्टी टाकली?"

"हो."

सोमवार. म्हणजे फोनच्या आधी. सावित्रीबाईंनी तोही एक आकडा मनात जमा केला आणि उठल्या. "मी आलो पाच मिनिटांत."

"कुठं?"

"खाली एक काम रायलं."

घनश्याम कढईतून चना काढत होता. बोरा तिथंच होता, तोंड सैल. दुकानाच्या फळीवर वाटीत चिन्नोरची ती मूठ ठेवलेली.

"क्या अम्मा, पचपन पक्का?"

"नाई."

"चलो, अट्ठावन. आखरी."

"ह्या गल्लीत ऐंशी भाव चालू हाय, भाऊ. मले मालूम नव्हता म्हनून मी तुयापाशी ठेवला."

"ऐंशी? कौन दे रहा है?"

"आमची सून विकते."

घनश्यामनं झारा हवेतच थांबवला. "वो ऊपर वाली? वो तो अलग रहती है ना आपसे?"

सावित्रीबाईंनी बोऱ्याच्या तोंडाची सुतळी दोनदा गुंडाळली, गाठ मारली, ओढून पाहिली.

"रायते अलग," त्या म्हणाल्या. "हाय नाई."

घनश्यामला त्यातला फरक कळला की नाही कोण जाणे. त्यानं पोऱ्याला हाक न मारता स्वतःच पुढे होऊन बोरा उचलायला हात लावला. "चलो, ऊपर तक छोड़ देता हूँ."

"थांब," सावित्रीबाईंनी फळीवरच्या वाटीकडे बोट दाखवलं. "ते मूठ टाक पहले बोऱ्यात. ऐंशीच्या भावानं पाच रुपयांची होते."